नर्सिंगनंतर पहिली नोकरी: दोन ऑफर हातात असतील तर पगाराशिवाय काय पाहायचं?

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण झालं की अनेकांच्या हातात एकाच वेळी दोन-तीन ऑफर येतात. एक पुण्या-मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयाची, एक गावाजवळच्या नर्सिंग होमची आणि कधी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली (एनएचएम) कंत्राटी. घरचे पहिला प्रश्न विचारतात, 'पगार किती?' प्रश्न बरोबर आहे. पण पहिली दोन वर्षं कुठे काढली, यावर पुढची सरकारी परीक्षा आणि परदेशाची वाट अवलंबून असते.

२५ हजार म्हणजे हातात किती?

ऑफर लेटरवरचा आकडा अनेकदा सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चाचा असतो. समजा, सीटीसी २५,००० आणि मूळ पगार १५,००० आहे. रुग्णालयाच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि कर्मचाऱ्याच्या वाट्याचा १,८०० वजा केला, की उरतात २१,४००. महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याचा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. आता हॉस्टेलचे ४,००० आणि मेसचे ३,५०० धरले, तर हातात १३,९०० राहतात.

घरी राहून नर्सिंग होममध्ये १४,००० मिळत असतील, तर महिन्याची शिल्लक जवळपास सारखीच. फरक इतकाच की पीएफ आणि त्यातली पेन्शन योजना मिळून ३,६०० दरमहा जमा होतात. नर्सिंग होम पीएफ भरतं का, हे म्हणूनच विचारायला हवं.

खासगी रुग्णालयातल्या पगारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. २०१६ साली न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. त्यामुळे लहान रुग्णालयांच्या ऑफर आजही बऱ्याचदा या आकड्याच्या खाली असतात.

रुग्णालयात खाटा किती?

जीएनएम झालेल्यांसाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'एम्स'च्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठी 'नॉरसेट' परीक्षा होते. तिथे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतनाची सुरुवात ४४,९०० रुपयांपासून आहे. बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमसाठी मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो.

म्हणजे २० खाटांच्या नर्सिंग होममध्ये तीन वर्षं मन लावून काम केलं, तरी या परीक्षेसाठी ती मोजली जात नाहीत. कंत्राटी सरकारी नोकरीतही हेच पाहावं. ग्रामीण रुग्णालय सहसा ३० खाटांचं असतं, उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं.

एनएचएमची नोकरी कायम नसते. करार ठरावीक काळाने नव्याने होतो. पण प्रसूती, नवजात बाळांची देखभाल, लसीकरण यांचा भरपूर सराव तिथे मिळतो.

शिकवणारं कोणी आहे का?

नव्या नर्सला पहिल्याच आठवड्यात एकटीने नाइट ड्युटी आणि तीस रुग्णांचा वॉर्ड मिळाला, तर औषधाची चूक व्हायला वेळ लागत नाही. ती चूक रुग्णाला भोवते आणि नर्सच्या नोंदणीलाही. त्यामुळे सीनियर सिस्टरसोबत किती दिवस ड्युटी असेल, एका शिफ्टमध्ये एका नर्सकडे किती रुग्ण असतात, आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स असते का, हे मुलाखतीतच विचारावं. खरं उत्तर तिथे काम करणाऱ्या नर्सकडून मिळतं. कॉलेजच्या सीनियरला एक फोन करावा.

बॉण्डवर सही करण्याआधी

'बॉण्ड कायद्यात टिकत नाही' असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये, अशी अट साधारणपणे टिकत नाही. पण ठरलेली मुदत पूर्ण करा नाहीतर पैसे भरा, ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची मुदत आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली. म्हणून बॉण्डची मुदत, रक्कम आणि ती दर महिन्याला कमी होते का, हे वाचूनच सही करावी.

मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी दाखवावीत, पण रुग्णालयाकडे ठेवू नयेत. ती अडकली की पुढची प्रत्येक संधी अडकते.

मग निवड कशी करायची?

आधी दोन वर्षांनी काय करायचं आहे, ते ठरवावं. नॉरसेट द्यायची असेल, तर जीएनएमवाल्यांनी ५० खाटांखालची ऑफर, पगार चांगला असला तरी, दोनदा विचार करून घ्यावी. आखाती देशांत जायचं असेल, तर अनुभवाची कागदपत्रं थेट रुग्णालयाकडून पडताळली जातात. त्यामुळे नेमणूक पत्र, पगाराची स्लिप आणि लेटरहेडवरचं अनुभव प्रमाणपत्र देणारी जागा हवी. घरची जबाबदारी मोठी असेल, तर जवळची नोकरी घेण्यातही काही चूक नाही. फक्त तिथे किती काळ राहायचं, हे आधी ठरलेलं असावं.

आणि कोणतीही ऑफर असो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आधी पूर्ण करावी. नोंदणी नाही म्हणून 'ट्रेनी' ठेवून कमी पगारात पूर्ण ड्युटी करून घेणाऱ्या जागा कमी नाहीत.