पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा : निवाऱ्याच्या हक्काचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर हे महाराष्ट्राचे प्रमुख तीर्थक्षेत्र होय. येथील मंदिरप्रवेशाच्या लढ्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु दूरवरून पायी आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याने रात्री मुक्काम कोठे करावयाचा, हा प्रश्न अभ्यासकांकडून तुलनेने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

निवाऱ्याची व्यवस्था :
यात्रेकरूंचा मुक्काम प्रामुख्याने क्षेत्रोपाध्यांची घरे, फडांचे मठ, संस्थानिकांचे वाडे व धर्मशाळा यांत होत असे. यांपैकी बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळण्यासाठी ओळख वा जात आवश्यक होती. संत चोखामेळा यांची समाधी महाद्वारासमोर आहे. त्यांच्या समाजातील भाविकांसाठी दर्शनाची सीमा तेथेच संपत असे आणि निवाऱ्यासाठी उघडे आकाशच उरे.

गाडगे महाराजांचे कार्य :
शेंडगाव (जि. अमरावती) येथे परीट कुटुंबात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांनी १९२० च्या सुमारास लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा उभारली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये मंदिर सर्वांसाठी खुले झाले. म्हणजेच देवाचे दार उघडण्यापूर्वी सुमारे पाव शतक निवाऱ्याचे दार उघडले होते.

तथापि, या कार्याची एक मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. महाराजांनी पंढरपुरात मराठा व परीट धर्मशाळाही बांधल्या. या नावांवरून निवारा जातिनिहाय विभागलेलाच होता, हे स्पष्ट होते. स्वतंत्र धर्मशाळेने गैरसोय दूर केली. इतरांची बंद दारे मात्र तशीच राहिली. १९४९ मध्ये ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द करण्यात आली. त्यामुळे यात्रेतील चार रात्रींच्या आसऱ्याला शिक्षणाचे दीर्घकालीन अधिष्ठान लाभले.

निष्कर्ष :
अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, १९५५ मध्ये मंदिरांबरोबरच धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. प्रवासात मिळणारा निवारा हा दात्याच्या दयेचा नव्हे, तर नागरिकाच्या हक्काचा विषय आहे, हे त्यातून कायद्याने मान्य केले. चोखामेळा धर्मशाळेचे ऐतिहासिक महत्त्व दयेकडून हक्काकडे झालेल्या या वाटचालीतील एक टप्पा म्हणून आहे.