सात पदार्थ, तीन तास

१४ एप्रिलला अकोला उशिरापर्यंत जागे असते. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांचे ढोलताशे आमच्या जठारपेठेपर्यंत ऐकू येतात. दुसरा दिवस मात्र गाजावाजाविना जातो. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, १ हार्डिंग अव्हेन्यू या बंगल्यात, कायदामंत्री डॉ. भीमराव आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. शारदाबाई सविता झाल्या आणि पुढे लोकांच्या तोंडी माईसाहेब. या साडेआठ वर्षांच्या संसाराबद्दल बोलले पुष्कळ जाते, त्यात ऐकीव फार. म्हणून इथे फक्त कागदांवरून जावे असे ठरवले आहे, आणि तेही एका लहानशा बाबीपुरते. बाबासाहेबांना स्वतःच्या हाताने रांधायची आणि घरे बांधायची आवड होती, ही गोष्ट पुराव्याने कुठवर उभी राहते?

माईसाहेबांचे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे पुस्तक १९९० साली आले. त्यातला नवरा चुलीपाशी रमणारा आहे. पण हे लिहिले गेले बाबासाहेब जाऊन चौतीस वर्षे झाल्यावर. मधल्या काळात बाबासाहेबांच्या मृत्यूवरून माईसाहेबांवर संशयाची राळ उडाली होती. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबूज थांबली नाही आणि त्यांना कित्येक वर्षे चळवळीपासून लांब राहावे लागले. अशा बाईने आपल्या संसाराचे गोड चित्र रंगवले असेल, अशी शंका कोणी घेतली तर ती खोडून काढायला तिच्याच पुस्तकाचा आधार पुरत नाही. दुसरा साक्षीदार हवा, आणि तो लग्नाआधीचा हवा.

तो आहे. देवी दयाल हे दिल्लीत बाबासाहेबांची पुस्तके सांभाळत. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. देवी दयाल त्यांच्या दिनक्रमाच्या नोंदी ठेवत. त्यांत १९४४ च्या सप्टेंबरमधला एक दिवस असा आहे की त्या दिवशी साहेबांनी स्वतः स्वयंपाक केला, सात पदार्थ केले आणि त्याला तीन तास लागले. शारदा कबीर यांची आणि बाबासाहेबांची ओळख व्हायला अजून तीन वर्षे होती; ती पुढे १९४७ मध्ये, पार्ल्याला डॉ. राव यांच्या घरी झाली. म्हणजे लिहिणाऱ्याला बायकोची बाजू राखायचे काही कारणच नव्हते. मला या नोंदीतले तीन तास फार मोलाचे वाटतात. महायुद्ध चालू आहे, मजूरखात्याचा भार डोक्यावर आहे, आणि हा माणूस इतका वेळ विस्तवापुढे काढतो. घाईत एखादी भाजी परतून टाकणाऱ्याचे हे काम नव्हे.

यापेक्षा जुना पुरावा खुद्द त्यांच्या हातचा आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी त्यांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिल्या. त्यात १९०१ च्या आसपासचे साताऱ्याचे घर येते. आई गेलेली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर, तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. घरात आत्या, ती ठेंगणी आणि पायांनी अधू, आणि चार मुले: भीमराव, त्यांचा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुले. स्वयंपाक मुलांनाच करावा लागे. भाकरी-पोळी त्यांना जमेना, म्हणून ती पुलावावर राहत, कारण तांदूळ आणि मटण एकत्र शिजवले की झाले. हे सांगून लेखक लगेच मसूर स्टेशनाकडे वळतो. वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलांची जात कळल्यावर गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात, वाटेत पाणीही मिळेना, तो प्रसंग पुढे येतो. वाचकाच्या मनात तोच घर करून राहतो आणि पुलाव विसरला जातो. पण दोन्ही गोष्टी एकाच आठवणीत, काही ओळींच्या अंतराने आहेत.

तिसरा दुवा लंडनचा. बाबासाहेब हयात असताना, १९५४ साली छापलेल्या धनंजय कीरांच्या इंग्रजी चरित्रात तो आहे. विद्यार्थिदशेत सकाळी पावाचा एक तुकडा, त्यावर मुरंब्याचा पातळ थर, सोबत कपभर बोव्हरिल. मग दिवसभर ग्रंथालय. रात्री दहाच्या सुमारास पोटात आग पडली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पातळ पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दूध घ्यायचे. साताऱ्याचा पुलाव आणि लंडनचा पापड, दोन्ही भुकेपोटी शिकलेले. १९४४ चे सात पदार्थ हौसेचे. गरजेतून आलेली कला सुस्थितीतही त्यांनी सोडली नाही, एवढे या तीन कागदांवरून निःशंक म्हणता येते.

यापुढचे माझे मत आहे, कागदाचे नव्हे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. देवळात कोणी शिरायचे याप्रमाणेच शिजवलेले अन्न कोणाच्या हातचे चालते यावरही ज्या समाजात माणसाची पायरी ठरत असे, तिथे या माणसाने आपल्या हातचे रांधून पाहुण्यांपुढे ठेवले. त्यांनी स्वतः तसा अर्थ कुठे लिहिलेला मला आढळलेला नाही. वाढताना त्यांच्या मनात फक्त आमटीचे मीठ असेल. तरी मला ते ताट साधे वाटत नाही.

बांधकामाचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही, तो उभाच आहे. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांची वर्षानुवर्षे गेली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. त्यासाठी बांधकामशास्त्रावरची पुस्तके वाचली आणि आराखड्यात स्वतः लक्ष घातले. वरचा मजला ग्रंथांसाठी ठेवला. हे घर पहिल्या पत्नी रमाबाईंना फार थोडे लाभले. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. चाळीतल्या अपुऱ्या पैशांत चूल पेटती ठेवली ती त्यांनी, आणि त्यांनी मागे एकही पुस्तक ठेवले नाही. नवऱ्याच्या आठवणी लिहायला उसंत आणि अक्षरे दोन्ही लागतात. माईसाहेबांचे पुस्तक हातात घेताना हे विसरू नये.

दुसरे मोठे काम औरंगाबादचे. १९५० च्या जूनमध्ये तिथे बाबासाहेबांचे महाविद्यालय सुरू झाले, पुढे त्याचे नाव मिलिंद. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. त्यानंतर ते औरंगाबादला येऊन राहत, चालू बांधकामात लक्ष घालत, झाडे लावून घेत. माईसाहेब बरोबर असत.

आता लग्नाआधीचे एक पत्र. १६ मार्च १९४८ रोजी त्यांनी नाशिकच्या भाऊराव गायकवाडांना लिहिले. राज्यघटनेचा मसुदा सादर होऊन महिनाही झाला नव्हता. मधुमेह, संधिवात आणि पायांच्या कळांनी झोप उडाली होती. पत्रात ते मोकळेपणी सांगतात की यशवंतची आई (रमाबाई) गेल्यावर पुन्हा लग्न करायचे नाही असे ठरवले होते, पण आता डॉक्टर म्हणतात, घरात काळजी घेणारे कोणी हवे. मग बायको कशी असावी, तर शिकलेली, वैद्यक जाणणारी आणि स्वयंपाकात तरबेज. ज्याला स्वतःला सात पदार्थ येतात तोच ही तिसरी अट घालतो. चवीची कदर असल्याशिवाय आजारी माणूस असे लिहीत नाही. पुढे त्याच डॉक्टर बायकोला त्यांच्या ताटातले मोजून-मापून ठरवावे लागले, इन्सुलिनची सुई टोचावी लागली. रांधायची हौस असलेल्या माणसाला पथ्यावर ठेवणे किती जड गेले असेल, हे ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांना सांगायला नको.

ते पथ्य कामी आले का, याचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी मार्च १९५६ मध्ये त्यांनी प्रस्तावना लिहिली. विझत आलेली आपली ज्योत पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे पुन्हा पेटली, म्हणून हे पुस्तक पुरे झाले, अशी कृतज्ञता तिच्यात आहे. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी ती १९८० मध्ये छापली, माईसाहेबांचे पुस्तक येण्याच्या दहा वर्षे आधी.