विमानतळावरील अंगझडती

विमानाने निघालेल्या सभ्य माणसाने दोन्ही हात पसरून परक्या शिपायापुढे उभे राहावे, हे दृश्य आज इतके परिचयाचे झाले आहे की त्यात विचारण्याजोगे काही आहे असे कोणास वाटत नाही. पण श्रोतेहो, साठ वर्षांपूर्वी ही रीत नव्हती. झडती घ्यावी ती चोराची. साध्या उतारूची का म्हणून, हा प्रश्न तेव्हा रास्तच ठरला असता.

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूस निघालेले ‘गंगा’ विमान दोघा तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळचे पिस्तूल आणि हातबाँब, दोन्ही खोटी निघाली! पण खोटे शस्त्र ओळखावयाचे तरी ते आधी पाहावे लागतेच. अमेरिकेत तर अपहरणांची साथच आली होती. नोव्हेंबर १९७२ मध्ये तिघांनी ओक रिज येथील अणुभट्टीवर विमान आदळण्याची धमकी दिली. आणि ५ जानेवारी १९७३ पासून तेथे प्रत्येक उतारूची तपासणी सक्तीची झाली.

त्याच वर्षी तेथील एका अपील न्यायालयाने डेव्हिस खटल्यात या झडतीच्या मर्यादा आखून दिल्या. झडती शस्त्रे व स्फोटके शोधण्यापुरतीच असावी, त्या कामास लागते त्याहून ती अधिक कसून होऊ नये, आणि ज्यास ती नको असेल त्यास विमानात न चढता परत फिरता यावे. तिसरी अट कागदावर मोठी शोभते. आखातातील नोकरीवर रुजू होण्यास निघालेल्या माणसाला परत फिरण्याची मोकळीक ती कसली?

तरीही झडती नकोच असे कोणी म्हणू नये. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमानातील ३२९ माणसे समुद्रावर प्राणास मुकली. बाँबची बॅग चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. आणि टोरांटोचे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले होते.

मग मानाचे काय? एप्रिल २००९ मध्ये दिल्लीस एका अमेरिकन विमानकंपनीने माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची झडती घेतली. आपल्या नियमांनी त्यांना सूट होती, म्हणून संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. कलामांनी मात्र निमूटपणे झडती देऊन विमान गाठले होते. मला त्यांचे वागणे संसदेतील रागापेक्षा अधिक पटते.

ऑक्टोबर २०२१ मधील तक्रार निराळी होती. अपघातात पाय गमावूनही जयपूर फूटच्या आधारे पुन्हा नृत्यास उभ्या राहिलेल्या सुधा चंद्रन यांना विमानतळावर वारंवार कृत्रिम पाय उतरवून दाखवावा लागे. झडतीस त्यांची ना नव्हती. स्फोटकांचा अंश टिपणाऱ्या यंत्राने ती व्हावी, एवढेच त्यांचे मागणे होते. सुरक्षा दलाने दुसऱ्याच दिवशी दिलगिरी व्यक्त केली. कापडाची लहानशी पट्टी पायावरून फिरवून यंत्रात घातली की काम भागते. पाय उतरवावा लागत नाही.