घरातले जुने नाणे : खरे किती, मोलाचे किती?

अंधेरी म्हटले की आगगाडी नि गर्दी डोळ्यांपुढे येते. पण ही साष्टी बेटाची भूमी. येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठे आले, १७७४ साली इंग्रज आले. राज्य बदलले की बाजारातले नाणेही बदले. त्याच्याही फार मागे, सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची नाणी मुंबई-साष्टी भागात सापडली आहेत. तेव्हा आजीच्या गाठोड्यातून एखादे नाणे निघाले तर ते मोडीत घालू नये. आणि लखपती झालो, असेही समजू नये!

आता शिवराई घ्या. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. हे पाहून पुष्कळांना वाटते, हे महाराजांच्याच काळचे. पण तसे नाही. राज्याभिषेक १६७४ चा. शिवराया मात्र पेशवाईतही पडत राहिल्या नि एकोणिसाव्या शतकातही चालल्या. त्या विपुल आहेत, म्हणून साध्या शिवराईला फार भाव येत नाही. मोल ठरते ते दुर्मिळपणावर आणि अक्षरांच्या स्पष्टपणावर. नुसत्या वयावर नव्हे.

मग खोटी कशी ओळखावी? जुनी शिवराई हाताने ठोकलेली. त्यामुळे ठसा एका अंगाला सरकतो, अक्षरे कापली जातात, दोन नाणी तंतोतंत सारखी सहसा नसतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रे दिसतात, कडेला सांधा राहतो, आणि तीच खोच प्रत्येक नगावर आढळते.

कंपनी सरकारचा १८३५ चा रुपया वजनाने बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. तो लोहचुंबकाला चिकटला तर खुशाल खोटा समजा. १९४७ चा रुपया मात्र निकेलचा, तो चिकटणारच!

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. चिंच लावून नाणे घासू नका. चकाकी येते, पण काळाचा थर जातो आणि मोलही जाते.

शेत नांगरताना नाण्यांचा हंडा लागला तर? १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन कलेक्टरला कळवावे लागते. सरकारने ते घेतले तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देण्याची त्यात तरतूद आहे. हंडा गुपचूप वितळवला तर हाती उरते फक्त धातू. कोणत्या राजाचे नाणे कोणत्या गावी पोचले होते, हा पुरावा कायमचा जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना घरची नाणी वर्गात दाखवायला सांगा. ठसा वाचा, वजन करा, वहीत नोंदवा आणि नाणी ज्याची त्याला परत द्या. इतिहासाचा तो धडा मुले विसरणार नाहीत.