मोठे फुलीचे स्क्रू खोलताना कोणता बिट सॉकेट वापरायचा?

मोबाईल उघडायचं छोटं किट आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असतं. त्यामुळे फुलीचा, म्हणजे ज्याला मेकॅनिक ‘स्टार’ म्हणतात तो, कुठलाही स्क्रू त्याने खोलता येईल असं वाटतं. मीही तसंच समजून माझ्या जुन्या बाईकच्या इंजिन कव्हरला हात घातला. बिट दोनदा घसरला आणि खाच गोल झाली. शेवटी गॅरेजमध्ये तो स्क्रू ड्रिल करून काढावा लागला. चूक एकच होती: बिटचा नंबर.

नंबर कसा ओळखायचा?
बिटवर पीएच आणि पुढे आकडा कोरलेला असतो. साधारणपणे ३.५ ते ५ मिमी जाडीच्या स्क्रूला पीएच २ लागतो, ६ मिमीला पीएच ३ आणि ८ मिमीला पीएच ४. घरातला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर बहुतेक वेळा पीएच २ असतो. तो पीएच ३ च्या खाचेत जातो, पण हलतो. बिट खाचेत बसवून हलवून बघा. खुळखुळला तर मोठा नंबर घ्या.

डोक्यावर फुलीच्या मधोमध चार बारीक रेषा दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह. त्याला पीझेड बिट लागतो. जपानी बनावटीच्या गाड्यांत जेआयएस फुली असू शकते. अशा स्क्रूवर बऱ्याचदा एक छोटा ठिपका असतो. तिथे जेआयएस बिट नीट बसतो.

बिट सॉकेट कशाला?
यात बिट गोटीतच बसवलेला असतो आणि गोटी रॅचेटला लागते. मागचं चौकोनी भोक १/४, ३/८ किंवा १/२ इंचाचं असतं. ते आपल्या रॅचेटशी जुळतंय ना, ते बघूनच खरेदी करा.

वापरताना
१. खाचेतली माती, रंग टोकदार वस्तूने साफ करा.
२. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा.
३. बिट सरळ धरा. एका तळव्याने रॅचेटचं डोकं जोरात दाबा आणि दुसऱ्या हाताने हळू फिरवा. फुलीच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की बिट बाहेर ढकलला जातो. म्हणून फिरवण्याइतकंच दाबणंही महत्त्वाचं.
४. तरीही हलत नसेल तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. प्रत्येक ठोक्याला तो बिट आत दाबतो आणि थोडा फिरवतोही. त्याची दिशा आधी खोलण्याकडे करा आणि डोळ्यांना गॉगल लावा. कव्हर ॲल्युमिनियमचं असेल तर ठोके बेताने द्या.

एकदा बिट घसरला की तिथेच थांबा. पहिल्या घसरणीनंतर खाच बहुधा वाचते. पुढच्या दोन-तीन घसरणींत ती संपते. आणि खराब झालेला स्क्रू परत लावू नका. त्याच लांबीचा, त्याच आट्यांचा आणि तशाच डोक्याचा नवीन आणा.