खाण तशी माती?

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे कौतुकानेही म्हटली जाते आणि टोचूनही. दारुड्याच्या मुलाच्या वाट्याला ती बहुधा टोचूनच येते. पोराने पहिला पेला उचलण्याआधीच गाव निकाल देऊन मोकळे होते : बापाचे रक्त आहे, जाणार कुठे! या निकालात खरे किती, हे आपण आज पाहू.

दारूशी आपला झगडा जुना आहे. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. पुढे १९४९ साली मुंबई सरकारने दारूबंदीचा कायदा केला. ज्या दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले, तो जिल्हा वेगळा झाला तोही १९४९ सालीच. कायदा मोडणारा गुन्हेगार ठरे. त्याला हे वेड का लागले, हा प्रश्न कायद्याचा नव्हता. पुढे कायदाही सैल झाला.

कायद्याच्या आदल्याच वर्षी, १९४८ साली, डेन्मार्कमधील हाल्ड व याकोबसेन या संशोधकांनी डायसल्फिराम या औषधाचा गुण जाहीर केला. हे घेतलेल्या माणसाने दारू प्याली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. शरीरात दारूपासून तयार होणारे एक विषारी द्रव्य पुढे फुटत नाही, म्हणून हा त्रास. नवल असे की, चीन-जपानकडील पुष्कळ लोकांना हाच त्रास जन्मतःच होतो. त्यांच्या एका जनुकातच तसा फरक असतो, आणि असे लोक सहसा दारूपासून दूर राहतात. निसर्गाने काहींना दिलेले कुंपण औषधाने सर्वांसाठी उभे केले, इतकेच!

मग रक्ताचा वाटा आहेच म्हणायचा? आहे. १९७३ साली डेन्मार्कमध्येच दत्तक गेलेल्या मुलांची पाहणी झाली. मद्यासक्त आईबापांची, पण लहानपणीच परक्या घरी वाढलेली मुले घेतली, तेव्हा त्यांतील १८ टक्के पुढे मद्यासक्त निघाली. इतर दत्तक मुलांत हे प्रमाण ५ टक्के होते. गाव यातले १८ मोजते. आम्ही म्हणतो, पाहणीपर्यंत सावरून राहिलेले ८२ कोणी मोजायचे?

आता जनुके तपासून ज्याचे त्याला औषध निवडावे, असा प्रयत्न चालू आहे. नालट्रेक्झोन हे औषध विशिष्ट जनुकभेद असलेल्यांना अधिक लागू पडेल, अशी मोठी आशा होती. २०१५ सालच्या एका काळजीपूर्वक चाचणीत ती फळली नाही. त्याच वर्षी धूम्रपानाबाबत मात्र यश आले : निकोटीन शरीरात किती वेगाने फुटते, हे रक्तावरून पाहून, कोणाला गोळी द्यावी व कोणाला निकोटीनची पट्टी पुरेल, हे काही अंशी ठरवता आले. हा वेगही बव्हंशी जनुकांवर अवलंबून असतो. शास्त्राची पावले अशी सावध पडत आहेत.

पण माणूस पाहून उपचार करावा, हे प्रयोगशाळेने सांगेपर्यंत आपण थांबलो नव्हतो. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले व पुढे साताऱ्यात त्यांनी व्यसनमुक्तीसाठी परिवर्तन संस्था उभी केली. अशा कामात रोग्याला गुन्हेगार समजत नाहीत. त्याच्याशी, त्याच्या घरच्यांशी बोलतात, त्याची वाट कोठे चुकली ते पाहतात. जनुकांचे शास्त्र या जुन्या विचारपुशीत आणखी एका प्रश्नाची भर घालील. तिची जागा घेणार नाही.

तेव्हा त्या पोराला आपण काय सांगावे? खोटा धीर देऊ नये. इतरांपेक्षा तुला जास्त जपले पाहिजे, असे स्पष्ट सांगावे. आणि बाप खाटेवर पडला असेल, तर त्याला उपचाराला नेताना पोराला सोबत घ्यावे. खाणीची माती खाणीसारखी असते, हे खरे. पण तिचे मडके कसे घडेल, ते कुंभाराच्या हातावरही अवलंबून असते.