पिवळे पान आणि प्रवरेचे पाणी

वनस्पतीला वाचा नाही. तिची तक्रार पानावर उमटते. ती तक्रार वाचण्याची विद्या माणसाने कशी मिळवली, हा आपला आजचा विषय आहे. माशांच्या काचेच्या पेटीत लावलेल्या पाणवनस्पतीला ही विद्या जितकी लागू, तितकीच प्रवरेच्या कालव्याखालील उसालाही. म्हणून आरंभ आपण भंडारदऱ्यापासून करू.

या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जलाशयात साठते ते सह्याद्रीवरचे पावसाचे पाणी, क्षारांनी हलके. पुढे ओझरच्या बंधाऱ्यापासून ते दोन कालव्यांत शिरते आणि खालच्या काळ्या जमिनींत मुरते. या पाण्याने उसाचे वैभव आणले, हे खरेच. पण निचरा नव्हता तेथे याच पाण्याने जमिनी पाणथळ व चोपण केल्या. चुनखडीच्या रानात तर उसाची कोवळी पाने पांढुरकी पिवळी पडू लागतात. शेतकरी म्हणतो, ‘केवडा पडला.’ केवड्याच्या पातीचा तो फिका रंग ज्याने पाहिला आहे, त्याला या शब्दाची अधिक फोड नको.

केवडा म्हणजे लोहाची उपासमार. येथेच कोडे पडते. आपली काळी जमीन बेसाल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यात लोहाचा तुटवडा कसला? मग पीक उपाशी का?

या कोड्याचे उत्तर हाती येण्यास मोठा काळ लागला. १६९९ साली जॉन वुडवर्ड या इंग्रज गृहस्थाने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवली. पावसाच्या निर्मळ पाण्यात ती खुरटली, माती कालवलेल्या पाण्यात फोफावली. वनस्पती नुसत्या पाण्यावर जगत नाही, एवढे त्यावरून दिसले. १८४३ च्या सुमारास फ्रान्समध्ये युसेब ग्रीस यांनी फिकट पानांना हिराकसाचे पाणी दिले, आणि पाने हिरवी झाली. १८६० साली जर्मनीत युलियुस साक्स यांनी मातीवाचून, क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. या रीतीने निदानाला पाया मिळाला: एकच द्रव्य वगळावे आणि पान काय म्हणते ते पाहावे.

याच काळात, १८५० साली, लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात सोनमासे, गोगलगायी आणि वॅलिसनेरिया नावाची गवतासारखी पाणवनस्पती एकत्र नांदवून दाखवली. आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते १९५१ साली. हौस मोठी झाली, तशी पेटीतील वनस्पतीच्या प्रकृतीची चिंताही वाढली.

तेव्हा पान पिवळे दिसले की पहिला प्रश्न असा करावा: पान जुने की नवे? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवू शकते. म्हणून त्यांची उणीव आधी जुन्या पानांत दिसते. सारे जुने पान पिवळे पडत असेल तर नत्राचा संशय घ्यावा. कडा करपत असतील वा बारीक छिद्रे पडत असतील तर पालाशाचा. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिकटत असेल तर मॅग्नेशियमचा. लोह मात्र एकदा पानात बसले की सहज हलत नाही. त्याची उणीव शेंड्याच्या नव्या पानावर प्रकटते. माशांच्या विष्ठेतून नत्र व स्फुरद मिळत राहते. पालाशाची तशी खात्री नसते.

पण लक्षणे हा पुरावा आहे, निकाल नव्हे. उजेड कमी असेल, कर्बवायू अपुरा असेल, तरीही वनस्पती खंगते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, आणि बिघडलेल्या जुन्या पानाकडे न पाहता पुढे फुटणाऱ्या पानाकडे पाहावे. घाईने चार औषधे ओतणाऱ्याला गुण कशाने आला हे कळत नाही, आणि त्याची किंमत मासे देतात.

आता कोड्याकडे वळू. चुनखडीच्या जमिनीत, तसेच विहिरीच्या जड पाण्यात, लोह विरघळलेले राहत नाही. तांबूस गाळ होऊन बसते. वनस्पतीच्या भोवती ते असते, तिच्या तोंडी लागत नाही. जलाशयाचे हलके पाणी आणि कालव्याखालच्या विहिरीचे पाणी यांत हाच भेद आहे. १९५१ साली अमेरिकेत लुई जेकबसन यांनी लोह एका सेंद्रिय अम्लाशी बांधून ते पाण्यात विरघळलेले ठेवण्याची रीत मांडली. शेतकरी आज ज्याला चिलेटेड लोह म्हणतो ते या जातीचे. पाणी फारच अल्कधर्मी असेल तर त्यातही प्रकार पारखून घ्यावा लागतो.

असणे आणि मिळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ज्याने हा भेद ओळखला नाही, त्याने पिवळ्या उसाला आणखी पाणी दिले आणि जमीन गमावली. पेटीत आणखी खत टाकले आणि शेवाळ माजवले. प्रवरेच्या खोऱ्याने हा धडा महागात घेतला आहे. आपण तो पानाकडे नीट पाहून घेतला, तर स्वस्तात पडेल.